कोंबड्यांची पंगत

नवेगाव, ता. नागभीड
२ मे १९८५

विशाखा,
जयभीम.

तुह्यं कार्ड भेटलं. चार ओळीचं. "आई, कोंबड्या विकून टाका. माझं संशोधन मी सोडलं आहे. पुण्याला एका औषधाच्या कंपनीत नोकरी मिळते आहे, तिकडे जाईन म्हणते." पोस्टमन देवाजीनं दारातच वाचायले सुरुवात केली होती. म्हटलं, दे इकडे, मले वाचता येते.

आता माह्यं ऐक. कोंबड्या मी विकणार नाई.

अक्षरं मी प्रौढाईच्या वर्गात शिकली, पण जोडाक्षरं तू शिकवली, याच ओट्यावर बसून. ण अन् ळ तूच गिरवून घेतले. बोलताना माह्या जिभेले ते अजून वळत नाई, लिहिताना वळून राह्यले आहेत. ज्या सुनेनं लिहायले शिकवलं तिलेच जिंदगीतलं पहिलं पत्र, अन् तेही भांडायले. घे आता.

तू होळीनंतर नागपूरले गेली तवापासून गोठ्यातलं सारं जसंच्या तसं आहे. खिडक्याईले टाट लावलेलं आहे, ऊन आत येत नाई. बांबूच्या तट्ट्याच्या अल्याड लाल दोऱ्याच्या कोंबड्या, पल्याड निळ्या दोऱ्याच्या. दोन्हीकडे तांदळाची कनकी, कोंडा अन् शिंपल्याचा चुरा. गोंडाईच्या टोल्यावरची सुकरी रोज येऊन विचारते, सुगंधाबाई, तुह्या सुनेनं मागं लावली ते रातराणी दिवसा काऊन फुलते? म्हटलं, ते रातराणी नोहे, तिची बहीण आहे. मागं तीन बहिणी आहेत, एक रातची, एक दिवसाची अन् एक पिवळ्या फुलाची. सारं खानदान वांग्या-मिरचीचं अन् धोतऱ्याचं. त्यातल्या या दिवसाच्या बहिणीच्याच पानात ते सत्त्व आहे जे आपल्याले उन्हातून भेटते. ते नसलं तं कोंबडीनं कितीही चुना खाल्ला तरी अंगी लागत नाई, अंड्याचं कवच कागद होते. माह्यी सून हेच पाहून राह्यली होती, की ऊन नाई भेटलं तरी नुसत्या पानाच्या चिमटीवर कोंबडी धड राहते का. सुकरी म्हणे, बाई, तुले तं सारं पाठ आहे. रोज जेवताना तेच ऐकलं तं दगडालेही पाठ होईन.

पान जास्त झालं तं जहर, हेही ध्यानात आहे. मागल्या साली सुकरीच्या शेळीनं झुडूप ओरबाडलं अन् तिचे पाय लाकडासारखे ताठ झाले. म्हणून मी आता भोवताल बोराटीच्या काट्या लावल्या.

गुणवंत दर रविवारी घुग्घुसहून येते. खाणीच्या ऑफिसातला बाबू, शर्ट पांढरा घालते अन् कॉलर काळी करून येते. तो तुह्याबद्दल काही बोलत नाई, मी विचारत नाई. होळीले त्यानं म्हटलं, क्वार्टर भेटलं, तिथल्या शाळेत तुले जागा आहे, हे झाडपाला सोड, मी पाहिजे का कोंबड्या पाहिजे ते सांग. तू पेटी भरली. मी चुलीपाशी होती. दोघंही इतक्या मोठ्यानं बोलून राह्यले होते की कोणाची बाजू घ्यावी ते समजलं नाई, अन् भातही लागून राह्यला होता. पण आता समजते आहे. नवऱ्याचं भांडण नवऱ्यासंगं ठेव. त्याचा राग त्या कामावर काऊन काढून राह्यली?

लालवाल्या बऱ्या आहेत. निळ्यावाल्याही बऱ्या आहेत. उत्तर पाठवजो.

तुह्यी सासू,
सुगंधा

—

नवेगाव
२१ मे १९८५

विशाखा,
जयभीम.

एवढं लांब पत्र लिहिलं तू, अन् त्यात एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारली. निळ्यावाल्या बऱ्या कशा? माह्या गुडघ्याचं नाई विचारलं, विहीर आटली का नाई विचारलं. निळ्यावाल्या बऱ्या कशा!

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाई. सांगते.

जयंतीच्या दिवशी विहारापुढं पंगत झाली. पुरी, वांग्याची भाजी, बुंदी. यंदा सुकरीच्या टोल्यावरचे लोकही आले, कुणब्याचे पोरं आले, सारे एका ओळीत. वाढता वाढता माह्यी कंबर गेली, पण मन भरलं. घरी येऊन गोठ्यात गेली. तू सांगतल्यासारखी नुसत्या लालवाल्याईच्या कनकीत पानाची भुकटी मिसळली, ताटली ठेवली. अन् पल्याडच्या निळ्यावाल्या तट्ट्याच्या फटीतून माना काढून पाहून राह्यल्या होत्या. त्यात ते बोडक्या मानेची मुंडी, तिचे तं पाय लटपटून राह्यले होते. सकाळी तिनं अंडं घातलं ते तिच्याच अंगाखाली दबून फुटलं होतं.

भुकटीचा डबा मी खाली ठेवला.

तुले सांगतलं नाई कधी. मी लहान होती तवा मालगुजाराच्या घरच्या लग्नात आमची पंगत गोठ्याच्या मागं, साऱ्या गावाचं झाल्यावर. वाढणारा दुरूनच टाके. आमच्यापर्यंत येता येता गोड सरे, वरणाचं पाणी होये. भिंतीपलीकडं लोकाईच्या पत्रावळीवर बुंदीचे लाडू दिसत. मी मायले विचारलं तं ते म्हणे, पाहू नोको तिकडे, खाली पाहून जेव. छप्पन साली माहा बाप नागपूरहून दीक्षा घेऊन आला, अन् आल्या आल्या दोन गोष्टी सांगतल्या. असल्या पंगतीत आता कोणी बसायचं नाई. अन् असली पंगत आपल्या हातानं कोणाले वाढायची नाई.

तं जयंतीच्या दिवशी मी माह्या हातानं काय करून राह्यली होती? अर्ध्याईले देऊन राह्यली अन् अर्ध्याईले पाहायले लावून राह्यली. कोंबड्या झाल्या म्हणून काय झालं? मी डबा उचलला अन् पल्याडही तेवढीच भुकटी घातली. तवापासून रोज सारखीच घालते.

तुले राग येईन. येऊ दे. मी केलं ते बरोबर केलं.

सुगंधा

—

नवेगाव
११ जून १९८५

विशाखा,
जयभीम.

तुह्यं पत्र भेटलं. मी समजली होती राग येईन, पण तू रागावलीच नाई. "आई, तुमची काही चूक नाही, पण आता खरंच काही उरलं नाही. पान न मिळालेल्या कोंबड्याच राहिल्या नाहीत तर तुलना कशाशी करू? जुलैत पुण्याला जाते." तू शिव्या देल्या असत्या तं मी चार परत देल्या असत्या. हे वाचून मले जेवण गेलं नाई.

तुलना म्हणजे काय ते मी गुणवंतले विचारलं. तो पायाची बोटं मोडत म्हणे, "माय, एकाले देल्लं नाई म्हणून तं समजते की दुसऱ्याले देऊन काय झालं. दोघाईले देल्लं तं सारं सारखंच. मंग पानानं झालं का पाण्यानं झालं, कोण सांगन?" कसं चटकन सांगतलं पाह्य, जसं काही त्यानंच एम.एस्सी. केलं. मी म्हटलं, एवढं समजते तुले, मंग ते समजावत होती तवा काऊन तोंड फिरवून बसत होता? तो उठून बाहेर गेला. येरझाऱ्या घालून राह्यला होता, मी पाहून राह्यली होती.

तं मले समजलं की माह्या हातून काय झालं. बापाचा शब्द पाळला अन् सुनेचं वर्ष घालवलं. दोन्ही खरं आहे. एक खरं आहे म्हणून दुसरं खोटं होत नाई, हे मले आता या वयात समजून राह्यलं.

पण एक गोष्ट तू पाह्यली नाई. मुंडी आता चालते. पाय टाकते खणखण. अन् तिचं अंडं, काय सांगू, काल माह्या हातून सुटून शेणाच्या ढिगावर पडलं अन् फुटलं नाई. मार्चात हेच कोंबडी होती ना, जिचं अंडं हातात घेतलं की बोट आत जाये?

उरलं नाई म्हणते तू. मी म्हणते आधी पाह्य, मंग पुण्याले जा. टोपलीत धानाचा कोंडा भरला अन् त्यात दोन्हीकडचे अंडे ठेवले. लालवाल्याईचे डावीकडे, निळ्यावाल्याईचे उजवीकडे, मधात एक जुनं लुगडं. घेऊन गुणवंत येईन, शनिवारच्या छोट्या लायनीच्या गाडीनं. त्याले मी विचारलं नाई, सांगतलं. त्यानं म्हटलं, मी काऊन? म्हटलं, फोडशील तं तूच फोडशील, दुसऱ्यानं फोडले तं मी कोणाले बोलू.

त्याच्यासंगं बोलायची जबरदस्ती नाई. टोपली घेजो.

सुगंधा

—

नवेगाव
१४ जुलै १९८५

विशाखा,
जयभीम.

यावेळचं तुह्यं पत्र "आई, सर म्हणाले" असं सुरू झालं, तवाच मी पाट ओढून बसली अन् चष्मा पुसला. एकही अंडं फुटलं नाई! अन् ते छोटी गाडी तं माणसाईचेही हाडं खिळखिळे करते. गुणवंत म्हणे टोपली पूर्ण रस्ताभर मांडीवर होती, उमरेडच्या पुढं गर्दी झाली तं उभा राहून छातीशी धरली. एका बाईनं विचारलं, भाऊ, बाळ आहे का आत? त्यानं म्हटलं, हो. मले सांगताना तो हसला. बऱ्याच दिसानं हसला.

तो वसतिगृहाच्या फाटकापाशी उभा राह्यला अन् तू टोपली घेतली अन् त्याले पाणी आणून देल्लं, इतकंच सांगतलं त्यानं. मी पुढं काही विचारलं नाई. पाणी देल्लं तेही काही कमी नाई.

तुह्या सराईनं कवचं वाळवून मोजली अन् म्हटलं की उपाशी राहिलेल्या कोंबड्या पान खाऊन सुधारल्या, हेही एक उत्तरच आहे, फक्त कोणत्या दिवसापासून खाल्लं ते पक्कं पाहिजे. पक्कं काय विचारते? जयंती. त्या दिवसाची तारीख मी मेल्यावरही सांगीन. दोऱ्या बदलल्या का, कोंबड्या मिसळल्या का, हेही विचारलं. नाई. तट्टा मधात आहे, दोरे पायात आहेत. मुंडीचा दोरा सैल झाला होता तं मी नवा निळाच बांधला.

पण पुढचं तुह्यं मले जमणार नाई.

सर म्हणतात, नुसतं सुधारून भागत नाई, कोणी म्हणन उन्हाळा आला म्हणून सुधारल्या, पाणी बदललं म्हणून सुधारल्या. म्हणून निळ्यावाल्याईचं पान आता परत बंद करा, कवच परत पातळ होते का ते पाहा. ते झालं तं पुरावा पक्का, प्रबंध देता येईन. नाई तं पुणं. डिसेंबरपर्यंत ते कंपनी थांबते म्हणते तू.

विशाखा, मले समजलं तुह्यं काय अडकलं आहे त्यात. खरंच समजलं. तरी पण ज्याले एकदा पंगतीत बसवलं त्याच्यापुढचं पान उचलायचं? मुंडी आत्ता कुठी उभी झाली. बसवलंच नसतं तं गोष्ट वेगळी होती. उठवणं त्याच्याहून वाईट आहे. मालगुजाराच्या घरीही आमच्यापुढचं उचललं नाई कधी कोणी.

तुले करायचंच असंन तं तू ये अन् तुह्या हातानं बंद कर. माह्या हातानं होणार नाई. नाई तं दुसरा काही उपाय काढ. इतकं शिकली, एक उपाय नाई निघत?

गुडघा बरा आहे. विचारलं त्याबद्दल बरं वाटलं.

सुगंधा

—

नवेगाव
१६ ऑगस्ट १९८५

विशाखा,
जयभीम.

मी तुह्यं पत्र तीनदा वाचलं अन् मंग सुकरीले वाचून दाखवलं. "आई, तुमचं म्हणणं मी सरांना सांगितलं. ते आधी हसले. मग आम्ही दोघांनी बसून असं ठरवलं. निळ्या कोंबड्या पहिले सहा-सात महिने उपाशी होत्या. लाल तेव्हापासून आजवर खातच आहेत. तर आता अदलाबदल करू. निळ्यांचं चालू ठेवा. लालचं बंद करा. ज्यांनी आधी खाल्लं त्या आता थांबतील, ज्या थांबल्या त्या खातील. याला चालेल का तुमचा हात?"

पोरी, याले चालते. हे तं पाळी झाली. आमच्या तलावाचं पाणी असंच वाटते ना? एका साली धानाच्या वरच्या बांध्याईले आधी भेटलं तं दुसऱ्या साली शेपटीकडच्याईले आधी. शेपटीकडच्या माणसाचं धान एखादा हंगाम पिवळं पडते, तो कुरकुर करते, शिव्याही देते, पण उठवलं असं कोणी म्हणत नाई. कारण त्याले ठाऊक आहे, पुढचं पाणी त्याचं आहे. पाळी लागली तं तो अन्याय नोहे. ज्याले कधीच पाळी येत नाई त्याचं दुखणं वेगळं.

पण मंग एक कबूल कर. संपलं की सगळ्याईले सारखं. लिहून दे.

काल पंधरा ऑगस्ट होता, तारीख विसरायले नोको म्हणून कालपासूनच सुरू केलं. शाळेत झेंडा झाला, मी घरी येऊन लालवाल्याईच्या ताटलीत नुसती कनकी, कोंडा अन् शिंपला घातला. ते कवडी, ठिपक्याठिपक्याची, माह्यी लाडकी, तिनं ताटलीत चोच मारली अन् मान वाकडी करून माह्याकडं पाह्यलं. मी तिले म्हटलं, तुह्यी पाळी नाई.

पाला आता गुणवंत तोडते. सुट्टीच्या दिवशी येते, पांढरा शर्ट खुंटीले लावते, पानं सावलीत पसरवते. मी म्हटलं, जात्यात दळू नोको, पिठाचं जातं आहे, जहर होईन. तं त्यानं वेगळा खलबत्ता आणला अन् त्यावर लाल रंगानं फुली मारली. वजन पाहायले तू ठेवला तो काटा काढते. चिमटी नोहे माय, म्हणते, मोजून. जास्त झालं तं शेळीचं झालं तसं होईन. हा माणूस झाडपाला म्हणे त्याले.

परवा त्यानं विचारलं, ते माह्याबद्दल काही लिहिते का? मी म्हटलं, नाई. खोटं कशाले बोलू?

सुगंधा

—

नवेगाव
३ नोव्हेंबर १९८५

विशाखा,
जयभीम.

उशीर झाला. धान कापणीले लागलं होतं, अन् खरं सांगू तं लिहायची हिंमत होत नव्हती.

निळ्यावाल्या मस्त आहेत. मुंडी तं सासूसारखी फिरते साऱ्याईवर. पण लालवाल्याईचं उतरलं. आधी काहीच झालं नाई, मले वाटलं आता होतच नाई. पोळा गेला अन् कवच खरखरीत लागायले लागलं, मंग पातळ. तू सांगतल्यासारखे सारे टरफलं धुऊन, वाळवून, वेगवेगळ्या गाडग्यात ठेवून राह्यली. फुटलेले पण ठेवले.

गेल्या रविवारी सकाळी मी खुराड्यात हात घातला अन् कवडीचं अंडं घेतलं. घेतलं तसं ते बोटात बसलं. पिवळं माह्या मनगटावरून वाहून गेलं. कवडी तिथीच बसून होती, उठेना. मी तिले उचललं तं तिचे पाय लोंबून राह्यले होते. विशाखा, मी रडली. बावन्न वर्षाची बाई कोंबडीले पोटाशी धरून गोठ्यात रडून राह्यली होती, कोणी पाह्यलं असतं तं म्हटलं असतं गेली कामातून.

अन् मंग मी डब्याचं झाकण काढलं. मनात म्हटलं, नागपुरात बसून तिले काय समजन? एवढीशी भुकटी. एकाच कोंबडीले. कवडीपुरती. पाळी-बिळी गेली खड्ड्यात. चिमटीत घेतली अन् तिच्या चोचीपाशी नेली.

गुणवंत दारात उभा होता. मले दिसला नव्हता. तो आत आला, माह्यं मनगट धरलं. जोरात नाई धरलं.

"माय," म्हणे, "पाळी मोडू नोको. विशाखाचं वर्ष जाईन."

विशाखाचं वर्ष. होळीले याच माणसानं याच गोठ्याच्या दारात उभं राहून काय म्हटलं होतं ते तुले ठाऊक आहे, मले ठाऊक आहे. अन् त्यालेही ठाऊक आहे, कारण म्हटल्यावर तो खाली पाहून राह्यला. मंग हळूच माह्या बोटातली भुकटी झटकून डब्यात टाकली अन् झाकण लावलं. म्हणे, निळ्यावाल्याईनं याच्याहून जास्त अंगावर काढलं. कवडीही काढन.

मी म्हटलं, तुह्यं काय जाते बोलायले. पण चिमटी परत भरली नाई. दिवसभर मले कशात गोडी लागली नाई. सांजच्याले त्यानंच भात मांडला, करपला, तो आम्ही खाल्ला.

पोरी, आता सांग, किती दिवस? मले समजते आहे की हेच पाहिजे होतं. कवच पातळ झालं म्हणजे पानानंच होत होतं, उन्हाळ्यानं नाई अन् पाण्यानं नाई. तुह्यं खरं ठरून राह्यलं आहे. पण तुह्यं खरं माह्या हातात येऊन फुटते रोज सकाळी. लवकर लिहिजो.

सुगंधा

—

नवेगाव
१२ जानेवारी १९८६

विशाखा,
जयभीम.

मागल्या महिन्यात तार पाठवायची काय गरज होती? देवाजी धावत आला, मले वाटलं कोणी गेलं. उघडली तं, "पुरे. सर्वांना द्या. येते. विशाखा." देवाजीनं विचारलं, काय द्यायचं आहे बाई? म्हटलं, तुले चहा द्यायचा आहे, बस.

मंग पत्रही आलं. इथून पाठवलेली सगळी कवचं सराईनं मोजली, दोन्ही बाजू उलट्या झाल्या, जिकडे पान तिकडे घट्ट, जिकडे नाई तिकडे पातळ. असा पुरावा आधी ठरवूनही इतका चांगला झाला नसता म्हणते. पुण्यावाल्याईले नाई म्हणून कळवलं. प्रबंध उन्हाळ्याच्या आत देशील. अन् त्यात पहिल्या पानावर माह्यं नाव टाकणार म्हणते. टाक. पण सुगंधाबाई असं पूर्ण टाकजो, अन् खाली कवडीचंही टाक. अंगावर काढलं ते तिनं.

आता तार आल्या दिवशी काय झालं ते ऐक. मी आधी लालवाल्याईच्या ताटलीत भुकटी घातली, गुणवंतनं मोजून देल्ली तेवढीच. कवडीनं अशी चोच मारली, जसं काही ताटलीच खाते. मंग मी तट्टा काढला. मधातून. एकीकडं लाल, एकीकडं निळ्या, कितीतरी वेळ कोणी हललं नाई. मुंडीनं आधी पाय टाकला, लालवाल्याईच्या बाजूची कनकी खाऊन पाह्यली, सारखीच आहे पाहून परत गेली. मले हसू आलं. आम्हीही पहिल्या पहिल्या एकत्र पंगतीत असंच करत होतो, शेजारच्याच्या पत्रावळीत पाहात होतो.

मंग टाट काढलं अन् दार उघडलं. उन्हाचा पट्टा आत आला तं साऱ्याच्या साऱ्या मागं सरकल्या. वर्षाच्या वर झालं त्याईले ऊन पाहून. मी दाराबाहेर कनकी टाकली अन् दूर जाऊन बसली. बाहेर पडल्या त्या हळूहळू, अन् मंग धुळीत पंख पसरून अशा लोळल्या, की सुकरी म्हणे, बाई, मेल्या का काय? मेल्या नाई. दोरे मी काढले नाई अजून. ते तू काढजो.

झाडं तशीच आहेत. दिवसाच्या बहिणीले फुलं आली, पांढरे, अंगणभर वास. सुकरी तिच्या कोंबड्याईसाठी पाला मागून राह्यली होती, पावसाळ्यात झडी लागली की तिच्याही कोंबड्या घरात कोंडल्या राहतात. मी म्हटलं, विशाखा येईन, मोजून कसं द्यायचं ते शिकवन, तोवर हात लावू नोको, तुह्या शेळीले विचार. तिनं साऱ्या टोल्यात सांगून ठेवलं. तू येशील त्या दिवशी गर्दी राहीन ओट्यावर. तुह्यं संशोधन तिथी कागदावर संपलं असंन, इथी तं आत्ता सुरू होऊन राह्यलं.

आता गुणवंतचं. त्यानं तुले पत्र लिहिलं म्हणे, अन् तू उत्तर देल्लं म्हणे. काय लिहिलं ते मी विचारलं नाई, त्यानं सांगतलं नाई, पण पत्र शर्टाच्या खिशात घेऊन फिरून राह्यला आहे. त्याले मी एक गोष्ट सांगतली. म्हटलं, लग्न झाल्यापासून तिनं तुह्या ड्युटीप्रमाणं घर चालवलं, तुह्या सुट्टीप्रमाणं नागपूरले गेली. आता दोरे बदलले. आता तिचं काम आधी अन् तुह्यं क्वार्टर मागं. तुह्यी पाळी परत येईन, पण आज नाई. तो म्हणे, मी कुठी नाई म्हटलं? प्रबंध होईपर्यंत तू नागपूरले राहशील, तो शनिवारी येत जाईन, टोपली घेऊन. क्वार्टरचं पुढं पाहू. अजूनही तुले त्याच्यासंगं बोलायचं नसंन तं नोको बोलू. ते तुह्यं तू पाह्य. मी सासू आहे, पण मधातला तट्टा माह्यानं काढता येत नाई, तो तुम्हालेच काढावा लागन.

आज सकाळी कवडीनं अंडं घातलं. तुह्यासाठी ठेवणार होती, पण मले राहवलं नाई. तव्याच्या काठावर टिचकी मारली. फुटलं नाई. परत मारली, मंग फुटलं. मी अन् गुणवंत दोघंही तव्याकडं पाहून हसत राह्यलो, अन् अंडं जळून गेलं.

तू शुक्रवारच्या गाडीनं येऊन राह्यली. स्टेशनवर गुणवंत सायकल घेऊन उभा राहीन. वांग्याची भाजी करीन, तुले आवडते ती, तिळाची. गाडीले उशीर झाला तरी काळजी करू नोको. आपल्या पंगतीत साऱ्याईले वाढून झाल्याशिवाय कोणी घास घेत नाई. आम्ही ताटं मांडून बसू.

तुह्यी,
सुगंधा